माठ गार होईना तेव्हा

कर्जत म्हटले की बाहेरगावच्या सोयऱ्यांच्या डोळ्यांपुढे डोंगर, धबधबे आणि मुंबईची लोकल उभी राहते. ते कर्जत रायगड जिल्ह्यातले. आमचे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. बँकेत नोकरीला असताना या नामसाधर्म्याचा ताप मी पुष्कळ सोसला. त्यांचे टपाल आमच्याकडे येई, आमचे त्यांच्याकडे जाई. एकदा एका ग्राहकाचा ड्राफ्ट नऊ दिवस त्या हिरव्या कर्जतात विश्रांती घेऊन परतला होता. परंतु हवामानाच्या बाबतीतही कधी अशी चुकामूक होईल, असे मात्र स्वप्नातही आले नव्हते. गेल्या वर्षी, २०२५ च्या वैशाखात, ती झाली. त्यांची हवा आमच्याकडे आली.

आमचा उन्हाळा कोरडा. इतका कोरडा, की गावाजवळच्या रेहेकुरीच्या माळावर काळविटांनी वस्ती केली आणि १९८० साली शासनाने तेथे अभयारण्य केले. काळवीट हा उघड्या, कोरड्या गवताळ माळाचा प्राणी. त्याला जे मानवते तेच आम्हालाही मानवत आले. सकाळी लवकर दुकान उघडावे, दुपारी एक ते चार फळ्या लावून आतल्या खोलीत ओला पंचा अंगावर घेऊन पडावे, संध्याकाळी अंगणात पाणी मारावे आणि रात्री गच्चीवर झोपावे. उन्हाचा चटका बसे, ओठ फुटत, पण सावलीत गेले की सुटका होत असे. घाम यायचा, तो दिसण्याआधीच वाळायचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसत, तेवढीच घामाची खूण.

बँकेत या कोरडेपणाचे माझे स्वतःचे एक माप होते. रोखपालाच्या टेबलावर नोटा मोजताना बोट भिजवण्यासाठी स्पंजाची डबी असते. कर्जतला एप्रिल-मे महिन्यांत ती डबी दुपारपर्यंत दोनदा भरावी लागे. शिक्क्याची गादी सुके. नोटा कडकडीत, मोजताना त्यांचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जाई. पुढे बढतीवर माझी बदली चिपळूणला झाली आणि तेथे पहिल्याच आठवड्यात मला कळले की ती डबी सोमवारी भरली तर शुक्रवारपर्यंत ओली राहते. नोटा एकमेकींना चिकटत. शंभराची गड्डी दोनदा मोजली तरी मनाचे समाधान होत नसे. अंगावरचा सदरा सकाळी ओला होई तो रात्रीपर्यंत ओलाच. तापमान कर्जतपेक्षा चार-सहा अंशांनी कमी, आणि तरीही मी तेथे दुपारी अधिक थकत असे. घरमालकीण बाई रोज संध्याकाळी मीठ घातलेले कोकमाचे सरबत पाठवीत आणि बजावीत, "साहेब, तुमच्या देशावरचा घाम काम करून जातो. आमच्याकडचा नुसता बसून राहतो."

त्या बाईंचे शिक्षण चौथीपर्यंतचे होते. पण भौतिकशास्त्र त्यांनी एका वाक्यात सांगितले होते. घाम आल्याने शरीर गार होत नाही, तो वाळल्याने होते. उकळत्या पाण्याची वाफ होताना ग्रॅममागे ५४० कॅलरी उष्णता लागते, हा आकडा आम्ही शाळेत पाठ केला होता. त्वचेवरचा घाम वाळतानाही तो उष्णता घेऊनच जातो, साधारण तेवढीच किंवा थोडी अधिक. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळत नाही आणि उष्णता आतच राहते. हाच नियम माठाचा. माठ पाझरतो आणि पाझरलेले पाणी वाळते, म्हणून आतले पाणी गार होते. कूलरचेही तेच. एवढे सगळे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही घरात जे घडले ते मला दिसले नाही, म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

त्या वर्षी अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती. वर्षीतपाच्या पारण्यांना इक्षुरस घेऊन आम्ही परतलो तेव्हा ऊन नेहमीचेच होते. पुढल्या आठवड्यापासून आभाळ भरू लागले. ६ मे रोजी शेजारच्या जामखेड तालुक्यात चोंडीला, अहिल्यादेवींच्या जन्मगावी, राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. गावात सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. पण माझे बंधू मात्र दुकानात गुळाकडे पाहत बसले होते. गुळाच्या ढेपा पाझरू लागल्या होत्या. वडील असताना त्यांचे हेच हवामान खाते होते: ढेपेवर बोट टेकवायचे आणि पाऊस किती लांब आहे ते सांगायचे. जूनच्या दुसऱ्या आठवड्याआधी गूळ कधी ओलावलेला मला आठवत नाही. येथे वैशाखातच तळाची पोती चिकट झाली, मिठाच्या गोण्यांखाली डाग पडले, साखर घट्ट धरली. महिनाभर कुठे ना कुठे वळवाचा पाऊस होतच होता. आणि पाऊस थांबला की ऊन असे काही तापे, की जमिनीतून वाफ वर यावी. मोसमी पाऊसही घाईने निघाला होता. २४ मे रोजी तो केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला.

आमच्या घरात कांदा शिजत नाही. पण आमच्या उधारीची वही मात्र कांद्यावर चालते. शेतकऱ्यांचा उन्हाळी कांदा त्या दमट हवेत वखारीतच सडू लागला, तेव्हा बंधूंनी वहीची चार पाने नुसती उलटून बंद केली. त्यावर अधिक लिहीत नाही. दुष्काळात पाण्यावाचून जाते, यंदा पाण्याने गेले, असे एक शेतकरी म्हणाला आणि चहा न घेताच उठून गेला.

घरातला कूलर हवा मारीत होता, पण ती हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला लागे. रात्री वीज गेली की गच्चीवर जावे, तर अंथरूण दमट. नातू म्हणाला, "आजोबा, एसी घ्या ना." घेतलाही असता, परंतु बाईंना एसीच्या खोलीत झोप येत नाही, आणि बाईंना एका खोलीत सोडून आपण दुसऱ्या खोलीत गारव्यात झोपावे हे सौ.ला आणि मला दोघांनाही पटेना.

आमच्याकडे आईला बाई म्हणतात. बाईंचे वय त्या वेळी ८६. रात्रीचा चौविहार त्यांनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतला. असण, पाण, खाइम, साइम हे चारही सूर्यास्तानंतर बंद. साठ वर्षांहून अधिक काळ त्यांनी तो मोडल्याचे कोणाला आठवत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. वडिलांनी दुकानापुढे पाणपोई मांडली होती आणि रांजण भरण्याचे काम बाईंचे होते. दिवसभर लोकांना पाणी वाढून संध्याकाळी स्वतः दोन तांबे पिऊन त्या उठत आणि मग सकाळच्या नवकारशीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तेव्हा आम्हाला त्यात विशेष काही वाटत नसे. आईचे असतेच असे, एवढेच वाटे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या देखरेखीखाली मुगाचे पापड आणि मुगवड्या झाल्या. पाच किलो डाळीचे पापड. सूनबाईंनी आणि शेजारणींनी दोन दिवस लाटले. गच्चीवर घातले, आभाळ आले म्हणून उचलले, पुन्हा घातले. नेहमी एका उन्हात कडक होणारे पापड चार दिवसांनीही चामड्यासारखे वाकत होते. शेवटी डब्यात भरले. आठव्या दिवशी बाईंनी डबा उघडून एक पापड खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "फुलण आली." मला काही दिसत नव्हते. सूनबाईंना दिसत नव्हते. बाईंनी बोटाने दाखवले: कडेला अगदी बारीक, राखेसारखा पांढरा थर. सगळा डबा गेला. मी हळूच म्हणालो की वरचे थोडे काढून खालचे ठेवता येतील. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलो आहे, पाच किलोंचा हिशेब मनात होताच. बाई म्हणाल्या, "ही हवा श्रावणाची आहे. पंचांगात वैशाख असेल."

त्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या मुदती बदलल्या. आपल्यापैकी बहुतेक घरांत हा हिशेब वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतो: मिठाई वगैरे जिनसांची मुदत हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २०, पावसाळ्यात १५. उकळलेल्या पाण्याची मुदत हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. हे ऋतू चौमासी चतुर्दशीला बदलतात. बाई आषाढाची वाट पाहत थांबल्या नाहीत. पाणी तीन प्रहरांचे झाले, लाडवांचा डबा लहान झाला. मला त्यांचे कौतुक वाटले. बँकेत असा अधिकारी असता तर आमची थकबाकी निम्मी झाली असती, असे मी सौ.ला म्हणालोही.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एके पहाटे बाई न्हाणीघराच्या दाराशी बसलेल्या सापडल्या. पडल्या नव्हत्या, बसल्या होत्या. पण त्यांनी मला माझ्या दिवंगत काकांच्या नावाने हाक मारली. हात गार, जीभ कोरडी, आणि बोलण्याचा मेळ लागेना. गावातल्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सलाइन लावले, रक्त तपासले, सोडियम खूप उतरले असल्याचे सांगितले. शरीरातले पाणी आणि क्षार दोन्ही कमी झाले होते. त्यांनी विचारले, "आजी दिवसभरात पाणी किती पितात?"

चाळीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासले. या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. मी म्हणालो, "पुरेसे पीत असतील." सौ. म्हणाली, "रात्री चौविहार असतो." तेव्हा सगळ्यांनी तोच धागा पकडला. वैशाखात सूर्यास्त सातच्या सुमारास, सूर्योदय सहाच्या आसपास, त्यावर नवकारशीची ४८ मिनिटे. म्हणजे जवळजवळ बारा तास पाणी नाही. मुलाने पुण्याहून फोनवर तेच सांगितले, आणि माझ्या बहिणीनेही. चौविहारच कारण, असे ठरून गेले. मीही तेच धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन बाईंच्या खोलीतला माठ पाहिला. त्यांचा माठ वेगळा. सकाळी पाणी उकळायचे, पितळी परातीत निववायचे, मग गाळून त्या लहान माठात भरायचे. त्यात हात घातला. पाणी कोमट होते. गार नाही, नुसते खोलीतल्या हवेइतके, तोंडात घ्यावेसे न वाटणारे. माठाच्या बाहेरच्या अंगावर ओल तशीच बसलेली होती, वाळत नव्हती. सूनबाईंना विचारले, तर ती म्हणाली, "बाई हल्ली तांब्या अर्धाच संपवतात. मी समजले, भूक-तहान कमी झाली असेल." मग आम्ही मागचे दिवस आठवून मोजले. दिवसभरात जेमतेम एक तांब्या. कोमट पाणी घशाखाली उतरत नव्हते, वयामुळे तहान कळत नव्हती. डॉक्टर म्हणालेच होते की या वयात तहानेची जाणीव मंदावते. वर त्यांनी पाण्याची मुदत पाचावरून तीन प्रहरांवर आणली होती, त्यामुळे निवायला वेळही कमी मिळत होता. आणि फ्रीजमधले पाणी त्या घेत नाहीत. रात्रीचे बारा तास हे कारण होते खरे, पण अर्धेच. दिवसाचे बारा तासही तसेच कोरडे चालले होते, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत.

तिसऱ्या दिवशी बाई पूर्ण शुद्धीवर होत्या आणि दवाखान्यात त्यांचा पहिला प्रश्न होता, "रात्री मला पाणी पाजले का?" सलाइन चालू होते, असे सांगितले. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मी समजूत घालू लागलो तर म्हणाल्या, "स्थानकात महासतीजी आहेत. पंखा नाही, काही नाही. त्या पण याच हवेत बसल्या आहेत ना? आणि मी रात्रीचे पाणी सोडू शकत नाही?"

यावर मी डॉक्टरांचे आकडे सांगू लागलो. सोडियम किती असावे, किती होते. त्यांनी ऐकून घेतले. बाई आकड्यांना मान देतात, पण त्यांनी हलत नाहीत. मग माझ्या तोंडून निघून गेले, "बाई, पापडांना तुम्ही श्रावणाचा नियम लावला. पाण्याला लावला. लाडवांना लावला. स्वतःला मात्र उन्हाळ्याचाच लावून बसलात."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटले, रागावल्या. मग म्हणाल्या, "पापड फेकले ते जीव होते म्हणून. मी काय फुलण आहे?" आणि हसल्या. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर त्या स्थानकात गेल्या नाहीत, जाण्याची ताकद नव्हती. परंतु महासतीजींना विनंती करून मार्गदर्शन घेतले. तेथे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. मला एवढेच ठाऊक आहे की पच्चक्खाणाला आगार असतात, आणि शरीराची समाधी राखण्यासाठीही एक आगार आहे. कर्जाच्या करारात अपवादाची कलमे वाचण्यात माझे आयुष्य गेले. पण आपल्या पच्चक्खाणातही आगार इतक्या काळजीने ठेवलेले आहेत याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. मी शास्त्राचा जाणकार नाही. या लिहिण्यात काही चुकत असेल तर मिच्छामि दुक्कडम्. बाईंनी चौविहाराऐवजी तिविहार घेतला. अन्न बंद, पाण्याची मोकळीक. कधीपर्यंत, असे सौ.ने विचारले. "घाम वाळायला लागेल तोपर्यंत," त्या म्हणाल्या.

दिवसाची व्यवस्था आम्ही लावली. फ्रीजला त्यांचा धर्माचा विरोध नव्हताच, घशाचा होता. हे साठ वर्षांत कोणी विचारलेच नव्हते. उकळून निवलेले पाणी स्टीलच्या बरणीत थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायचे आणि माठातल्या पाण्यात अर्धे-अर्धे मिसळायचे, यावर तडजोड झाली. दुपारी मिठाचे लिंबूपाणी. आमच्या तालुक्यात लिंबाच्या बागांना तोटा नाही. सायंकाळी ताक. चिपळूणच्या घरमालकीणबाईंची आठवण काढून मी कोकमही मागवले. बाईंनी चाखून "आंबट आहे" एवढाच शेरा दिला, पण पेला रिकामा केला. मी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तांब्यांच्या रेघा ओढू लागलो. बाई म्हणाल्या, "बँक सुटली नाही तुझी." खरे आहे; पण ही एक वही मी फार उशिरा उघडली.

आमच्या पेठेत मी मग चार घरी सहज चौकशी केली. प्रत्येक घरी एक तरी म्हातारे माणूस, प्रत्येक घरी चौविहार किंवा उकळलेले पाणी, आणि तीन घरी माठ कोमट. कोणी हात घालून पाहिले नव्हते.

जूनमध्ये आमच्याकडे नेहमीसारखा वारा सुटला. पश्चिमेचे ढग वरून नुसते जाऊ लागले. गच्चीवरचे कपडे तासाभरात वाळले. एके संध्याकाळी बाई माठाशी उभ्या होत्या. त्यांनी पाठीवरून हात फिरवावा तसा माठावर हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "धरला बघ गारवा. उद्यापासून चौविहार."

मी म्हणालो, "बाई, चौमासी चौदसपर्यंत थांबा. एक महिना मुदतवाढ."

"मुदतवाढ एकदाच मिळते, तूच सांगायचास लोकांना."

"चांगल्या खातेदाराला दोनदा देतो."

त्या काही न बोलता आत गेल्या. रात्री दहाच्या सुमारास मी त्यांच्या खोलीत डोकावलो. पंखा चालू होता, त्या कुशीवर झोपल्या होत्या. उशाशी तांब्यावर फुलपात्र पालथे घातलेले होते. ते उचलून पाहिले. तांब्यातले पाणी दोन बोटे उतरले होते.